आवडीची मूठ

एकदा काय झालं, एक राजा होता. गोष्टीत राजा लागतो म्हणून होता, बरं का. गोष्ट त्याची नाही. गोष्ट आहे आवडीची. बाब्या, आधी बहिणीच्या अंगावरचा पाय काढ. पाय काढल्याशिवाय माझी गोष्ट पुढे जात नाही. हां. आता ऐका.

त्या राजाच्या गावात एक आळी होती, तिचं नाव ठोकेआळी. तिथं सगळे तांबट राहायचे. तांबट म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडवणारे. सकाळ झाली की ठोक ठोक, ठोक ठोक. दुपार झाली तरी ठोक ठोक. त्या आळीतली बाळं अंगाई म्हटली तर रडायची आणि हातोड्याचे ठोके ऐकले की झोपायची. एखाद्या दिवशी हातोडे थांबले तर दचकून जागी व्हायची.

तिथं विसाजी तांबट राहायचा. त्याला दोन मुली, थोरली गोजरा आणि धाकटी आवडी. आई नव्हती. घर सांभाळायची विसाजीची बहीण, आत्याबाई. आत्याबाई रीतीभातीची इतकी पक्की की जांभई द्यायची झाली तरी आधी रीत आठवायची. आणि आवडी? नाव आवडी, पण तिला एखादी गोष्ट चटकन आवडेल तर शपथ. भाजीची जुडी घेतली तरी ती सोडून, उलटसुलट करून, एकेक काडी बघणारी पोर.

आता त्या राज्यात मुलगी बघायची रीत कशी होती, ती ऐका. मुलाकडचे यायचे, लोडाला टेकून बसायचे. मग मुलगी मान खाली घालून यायची. मग ते म्हणायचे, चालून दाखव. मग म्हणायचे, सुईत दोरा ओवून दाखव. मग म्हणायचे, केस सोडून दाखव. मुलीनं सगळं दाखवायचं, बघायचं मात्र काही नाही. मान वर केली की त्या घरातल्या मुलींना पुढे स्थळ यायचं नाही. शेवटी मुलीच्या हातात एक सुपारी द्यायचे. ती तिनं तबकात ठेवायची, आणि वडीलधाऱ्यांनी अडकित्त्यानं फोडायची. कट्! सुपारी फुटली, लग्न ठरलं. नवऱ्याचं तोंड दिसायचं ते थेट लग्नात, अंतरपाट खाली आल्यावर. आणि तोवर काय, डोक्यावर अक्षता पडलेल्या असायच्या!

हसू नका. माझंही काही फार निराळं झालेलं नाही. तुमचे आजोबा मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांना शिंक येत होती. तोंड वाकडं, डोळे मिटलेले. मला वाटलं, हे असेच आहेत की काय जन्मभर! असो.

तर गोजराचं लग्न असंच झालं. सुपारी फुटली, गोजरा गेली. गेली ती गेलीच. सासर दोन कोसांवर, नदीपलीकडे. पण पाच वर्षं झाली, तिला कुणी माहेरी पाठवलं नाही. पंचमीला विसाजी आणायला गेला, तर दारातूनच सांगितलं, घरात काम आहे. दिवाळीला गेला, तर म्हणाले, आता कुठे, बघू पुढे. तिसऱ्यांदा गेला, तर गोजरा आतून नुसती डोकावली. काही बोलली नाही. विसाजी परत आला आणि कढईच्या बुडावर हातोडा घालत बसला. कढई कधीच घडून झाली होती, तरी तो ठोकतच राहिला.

आवडीनं ते बघितलं. तिनं त्या दिवशी ठरवलं. काय ठरवलं? की बघितल्याशिवाय मी सुपारी सोडणार नाही.

"कुणाला बघितल्याशिवाय?" आत्याबाईनं विचारलं.

"ज्याच्या घरी जायचं, त्याला."

"मुली बघत नसतात. मुलींना बघतात. तुझ्या गोजराक्कानं कधी असला हट्ट केला नाही."

"म्हणूनच," आवडी म्हणाली.

आत्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पण आवडीचं ठरलं ते ठरलं.

मग काय झालं, आवडीला पहिलं स्थळ आलं. आत्याबाई कंबर कसून माळ्यावर चढली. पाहुणे यायचे म्हणजे घरातल्या जुन्या वस्तू खाली यायच्या. घंगाळ आलं, समया आल्या, मोराच्या तोंडाची गुलाबदाणी आली, फणेरपेटी आली. फणेरपेटी म्हणजे काय, रेवू? आरशाची पेटी, कुंकू, मेण आणि फण्या ठेवायची. आमच्या घरचं घंगाळ तुमच्या आईनं गच्चीवर नेलं आणि त्यात तुळस लावली. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच.

तर त्या सगळ्यांच्या खाली, चिंध्यांमध्ये गुंडाळलेलं एक तबक निघालं. तांब्याचं. काठाला ठोक्यांची नक्षी, मध्ये सपाट. काळंठिक्कर पडलेलं. ते आवडीच्या पणजोबांनी घडवलं होतं. आणि गंमत अशी, की त्याच्यावर पहिला ठोका घातल्यापासून शेवटचा ठोका घालेपर्यंत पणजोबा एकदासुद्धा खोटं बोलले नव्हते. तांबटांना हे सोपं नाही हो! गिऱ्हाईक विचारतं, उद्या देणार का? आणि तांबट म्हणतो, देणार. पण पणजोबा म्हणाले, नाही, महिना लागेल. म्हणून ते तबकसुद्धा खोटं दाखवायला कधी शिकलंच नाही.

"घास हे," आत्याबाई म्हणाली.

आवडी घासायला बसली. पहिल्या दिवशी राखेनं घासलं. दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासलं. तिसऱ्या दिवशी चिंच आणि मीठ. बोटं झोंबायला लागली, तरी सोडलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तबक असं झळझळलं की विचारू नका.

मग पाहुणे आले. धान्याच्या वखारवाल्यांचा मुलगा. आवडी मान खाली घालून आली, चालून दाखवलं, दोरा ओवला, केस सोडले. मग हातात तबक घेऊन बसली. मान खाली, आणि खाली काय? तबक! आणि तबकात काय? तो मुलगा! पण लोडाला टेकून बसलेला नाही, बरं का. तबकात तो त्याच्या घरी जेवत होता. भाजीत मीठ कमी पडलं होतं. त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. वाढणारी वहिनी खाली बसून भिंत पुसायला लागली, आणि तो हसला.

आवडीला ठाऊक होतं, तबक पणजोबांचं, खोटं दाखवणार नाही. तेवढ्यात मुलाच्या आईनं तिच्या हातात सुपारी दिली. "ठेव हो तबकात."

आवडीनं सुपारी घेतली. आणि मूठ मिटली.

"ठेव की गं," आत्याबाई म्हणाली.

मूठ मिटलेलीच.

मग आत्याबाईनं हळूच बोटं सोडवून बघितली. मग जोरात सोडवून बघितली. मग पाहुण्यांकडे बघून हसली, आणि परत सोडवून बघितली. छे! चिंच-मीठ चोळून चोळून घट्ट झालेली बोटं ती, सुटतात कुठली. पाहुणे उठले, तरातरा चालते झाले.

मग दुसरं स्थळ आलं. हा पाठशाळेत शिकलेला, चार शास्त्रं येणारा. आवडीनं पुन्हा तीन दिवस तबक घासलं. मान खाली, तबकात बघितलं. तबकात तो त्याच्या घरी पोथी वाचत बसला होता. आईनं पुढ्यात ताट ठेवलं, त्यानं वर बघितलं नाही. आईनं ताट उचललं, त्यानं वर बघितलं नाही. बाहेर झाडाला पालवी आली, पानं गळली, पुन्हा पालवी आली. आई काहीतरी सांगत होती, मग सांगायची थांबली. तो वाचतच होता.

तसा वाईट नव्हता हो तो. ताट फेकणारा नव्हता. आवडीनं क्षणभर विचार केला. पण तिला गोजराक्का दिसली, दारातून डोकावणारी, न बोलणारी. तिनं मूठ मिटली.

आता मात्र गावभर झालं. ठोकेआळीतली आवडी सुपारी सोडत नाही! ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजाला वाटलं, वा! एवढी तोलामोलाची पोर, मग आमच्या युवराजाला का नको?

आला राजा ठोकेआळीत. पालखी अरुंद गल्लीत अडकली, ती कशीबशी तिरकी करून काढली. बरोबर राणी, मान खाली घातलेली. बरोबर युवराज, फेट्यासकट. आत्याबाईला तर काही सुचेना. गुलाबपाण्याऐवजी ताकच भरलं गुलाबदाणीत, आणि शिंपडलं राजाच्या अंगावर!

आवडी तबक घेऊन बसली. तबकात युवराज राजवाड्यात होता. भात वाढला, तर त्यानं वडिलांकडे बघितलं, खाऊ का? पाऊस आला, तर वडिलांकडे बघितलं, आत येऊ का? मग कुणाचं लक्ष नाही असं बघून तो हळूच हत्तीखान्यात गेला आणि हत्तीच्या सोंडेला गाल लावून उभा राहिला. तेवढा वेळ मात्र खुशीत होता.

आवडीला त्याची दया आली. पण दया आली म्हणून कुणी लग्न करतं का? तिनं मूठ मिटली.

सगळी आळी गार झाली. राजाला नाही म्हटलं!

"कारण?" राजा गरजला.

मुलीनं बोलायची रीत नव्हती. पण राजानं विचारलं, आता काय करायचं? आवडी मान खाली घालूनच म्हणाली, "महाराज, मला तबकात दिसतं. माणूस त्याच्या घरी कसा आहे, ते दिसतं."

राजानं झटकन तबक ओढून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, तिरकं केलं. त्याला काय दिसणार? घासलं होतं आवडीनं, दिसणार तिलाच. त्याला नुसत्या त्याच्या मिशा दिसल्या, त्याही लालसर.

"मळकं आहे हे!" राजा म्हणाला. "चांदीसारखं चकचकीत करा, म्हणजे आम्हालाही दिसेल. बोलवा कल्हईवाल्याला."

आता तुम्ही सांगा, तबकाला कुणी कल्हई लावतं का? कल्हई लावतात स्वयंपाकाच्या भांड्याला. आमटी आंबट, भांडं पितळेचं, त्याला आतून कथलाचा पांढरा हात दिला नाही तर आमटी कळकते. तबकात कुठे आमटी शिजवायची असते? पण राजा कधी स्वयंपाकघरात गेला असेल तर ना!

आला कल्हईवाला. त्याचं नाव हैबती. गावोगाव बैलगाडीतून फिरायचा, चिंचेखाली भट्टी मांडायचा, भाता मारायचा आणि भांडी उजळायचा. त्यानं तबक हातात घेतलं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाला, "सरकार, हे नका करायला लावू. वर कथील बसलं की तांबं झाकलं जाईल. पुन्हा नाही निघायचं."

"तुला राजापेक्षा जास्त कळतं?"

"तुमचं राज्य तुम्हाला कळतं, सरकार. भांडं मला कळतं."

शिपायांनी भाले पुढे केले. मग काय करतो बिचारा? भट्टी पेटवली, तबक तापवलं, नवसागर टाकला, धूर झाला. कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं सारखं केलं. तबक झालं चांदीसारखं. राजानं बघितलं, काही दिसेना. आवडीपुढे धरलं. तिनं बघितलं, तिलाही काही दिसेना. पांढरा उजेड नुसता. तबक आंधळं झालं.

राजाला आपली चूक कळली. आता चूक कळलेला माणूस दोन गोष्टी करतो, बरं का. एक तर गप्प बसतो, नाहीतर जास्तच ओरडतो. राजा ओरडला. "तीन दिवस! तिसऱ्या दिवशी आम्ही मुलं इथे ओळीनं बसवू. मुलीनं रीतीप्रमाणे मान खाली घालून ज्याचं नाव सांगू त्याच्या नावानं सुपारी सोडायची. नाही सोडली, तर या आळीत पुन्हा हातोडा वाजणार नाही!"

राजा गेला. ठोकेआळी एवढी शांत झाली की बाळं जागी झाली आणि रडायला लागली.

मग शेजारीपाजारी आले. कुणी रागावून, कुणी हात जोडून. म्हणाले, "आवडी, तुझ्या एका मुठीपायी सगळ्या आळीच्या चुली विझायच्या का?" आवडीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांची पोरं उपाशी राहिली असती. त्या दिवशी आवडी माजघरात बसून रडली, आणि खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडली.

तेवढ्यात ओटीवर कुणाचा तरी आवाज आला. परक्या माणसासमोर मुलींनी जायचं नाही, म्हणून आवडी दाराआडच राहिली.

"काका," तो माणूस विसाजीला म्हणत होता, "मी हैबती. तुमचं तबक माझ्याच हातानं आंधळं झालं. राजानं करायला लावलं, पण हात माझाच होता. मला ते परत डोळस करता येत नाही. तेवढं सांगायला आलो."

विसाजी म्हणाला, "बाबा, तू काय करणार होतास?"

"ते मलाही कळत नाही. पण न सांगता गाव सोडवेना. परवा मांडवाची भांडी कल्हईला आहेत माझ्याकडे, ती करून जाईन."

आणि तो गेला. आवडीनं त्याला बघितलं नाही, नुसता आवाज ऐकला. पण तिचं रडं थांबलं. तिनं डोळे पुसले. तबक आंधळं झालं असेल, मी कुठे आंधळी आहे? तिनं शेजाऱ्यांना सांगितलं, "परवा मूठ उघडीन. पण बघून उघडीन."

"बघणार कशात? तबक तर गेलं," आत्याबाई म्हणाली.

"बघीन," आवडी म्हणाली.

झोपलात का रे? नाही ना? मग हुं म्हणा. हां.

तिसरा दिवस उजाडला. आळीत मांडव पडला. ओळीनं मुलं बसली. वखारवाला बसला, पोथीवाला बसला, युवराज बसला, आणखी दहाबारा बसले. वर राजा, शेजारी मान खाली घातलेली राणी. कोपऱ्यात चिंचेखाली हैबती पाठमोरा भाता मारत होता, जेवणावळीची पातेली उजळत होता. तो काही मुलांच्या ओळीत नव्हता. त्याला कोण बसवणार!

आवडी आली, मान खाली घालून. आत्याबाईनं तिच्या हातावर सुपारी ठेवली. पांढरं तबक पुढे ठेवलं.

राजा म्हणाला, "हं. युवराजाच्या नावानं सोड सुपारी."

आणि आवडीनं मान वर केली.

सबंध मांडवात "अगं बाई!" झालं. आत्याबाई मटकन खाली बसली. आवडीचे पाय थरथरत होते, बरं का. शूर माणसाचे पाय थरथरत नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मान ताठ. तिनं पहिल्या मुलाकडे बघितलं, सरळ डोळ्यांत.

आणि काय झालं असेल? त्या मुलानं मान खाली घातली! मग तिनं दुसऱ्याकडे बघितलं. त्यानंही मान खाली घातली. तिसऱ्यानं घातली, चौथ्यानं घातली. ओळीच्या ओळ माना खाली! आजवर त्यांच्याकडे कुणा मुलीनं बघितलंच नव्हतं, त्यांना सवय कुठली? एक जण तर लाजून पदर शोधायला लागला, आणि पदर नाही म्हणून फेट्याचा शेव तोंडावर घेतला.

आवडीनं विचारलं, "माझ्या बहिणीला पाच वर्षांत कुणी माहेरी पाठवलं नाही. तुम्ही मला माहेरी कधी पाठवाल?"

वखारवाला पुटपुटला, "काम उरकलं की." पोथीवाला म्हणाला, "शास्त्रात बघून सांगतो." युवराज म्हणाला, "बाबांना विचारून."

आणि कोपऱ्यातून, भात्याच्या आवाजात, कुणीतरी आपल्याशीच म्हणालं, "पाठवायचं काय त्यात? तिला वाट माहीत असेल की."

आवडीनं वळून बघितलं. हाच तो दाराआडचा आवाज! हैबतीला वाटलं नव्हतं की आपलं बोलणं ऐकू जाईल. तोही दचकून वळला. आवडीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. मांडवातला कुणी असता तर मान खाली घातली असती. पण हैबतीचा जन्म गेला भांडी उजेडासमोर धरून आरपार बघण्यात. बघणं आणि बघू देणं, यात लाजायचं काय असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तो म्हणाला, "बघा बाई, नीट बघा. नाकावर काजळी आहे, ती आजची नाही, रोजची आहे. घर म्हणाल तर बैलगाडी. आणि राजाच्या भाल्याला भिऊन तुमचं तबक आंधळं केलं, तो मीच."

मग आवडीनं बघितलं. खूप वेळ बघितलं. भाजीची जुडी बघतात तसं, उलटसुलट. सगळा मांडव ताटकळला, पण तिनं घाई केली नाही. जन्माचं काम, घाई कशाला?

"थांबा!" राजा ओरडला. "मान वर केली! रीत मोडली! ही आळी आजपासून..."

"महाराज," असा हळू आवाज आला. कुणाचा? राणीचा! तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे आधी सगळे इकडेतिकडेच बघायला लागले. राणी म्हणाली, "माझीही सुपारी अशीच फुटली होती. तीस वर्षं झाली. मी तुम्हाला अजून नीट बघितलेलंच नाही." आणि तिनं मान वर करून राजाकडे बघितलं. डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, "अगं बाई, मिशा पिकल्या की तुमच्या!"

आणि राजानं काय केलं? मान खाली घातली. घातली हो! कान लालेलाल. खाली बघतच म्हणाला, "चालू द्या... हातोडे चालू द्या. मुलीला बघू द्या." युवराजाला एवढा आनंद झाला की तो कुणालाही न विचारता उठला आणि हत्तीखान्याकडे धावत सुटला. पुढे मोठा नावाजलेला माहूत झाला म्हणतात.

आवडीनं मूठ उघडली. सुपारी तबकात ठेवली. टण् वाजली.

आता फोडायची कुणी? विसाजीनं अडकित्ता उचलला. हाच अडकित्ता, ह्याच हातानं त्यानं गोजराची सुपारी फोडली होती, एका झटक्यात, सहज. त्याचा हात थांबला. सबंध राज्यात आजवर कुठल्या बापानं केलं नव्हतं ते त्यानं केलं. त्यानं मुलीला विचारलं, "आवडे, फोडू?"

"फोडा, आप्पा," आवडी म्हणाली.

कट्!

लग्न झालं. अंतरपाट खाली आला तेव्हा दोघांना एकमेकांचं तोंड माहीत होतं, त्यामुळे दोघं नुसती हसली. दुसऱ्या दिवशी हैबतीनं गाडी जुंपली आणि विचारलं, "कुठे जायचं?"

"नदीपलीकडे," आवडी म्हणाली.

गोजराच्या सासरच्या दारात गाडी थांबली. आवडी उतरली, मान वर, आणि सरळ अंगणात जाऊन उभी राहिली.

सासू म्हणाली, "न्यायला आलीस? कुणाला विचारून?"

"अजून कुणाला विचारलं नाही," आवडी म्हणाली. "विचारायलाच आले आहे. पण तुम्हाला नाही." मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि हाक मारली, "अक्का, येतेस का गं माहेरी?"

आत गोजरा भाकरी थापत होती. पाच वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. हे कर म्हणायचे, ते कर म्हणायचे. येतेस का, खातेस का, दमलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तिला उत्तर द्यायला वेळ लागला. आवडीनं तेवढा वेळ वाट बघितली. सासू काही बोलायला गेली, तर हैबती म्हणाला, "थांबा आजी, ती सांगतेय."

आणि गोजरा बाहेर आली. हाताला पीठ तसंच. म्हणाली, "येते."

मग सगळी सुखात राहिली. गोजरा मनात येईल तेव्हा माहेरी यायची आणि मनात येईल तेव्हा परत जायची, आणि सासू दर वेळी विचारायची, "बाई, कधी येशील?" ठोकेआळीतले हातोडे पुन्हा वाजायला लागले, बाळं पुन्हा झोपायला लागली. तुम्हीही आता डोळे मिटा. बघायचं ते सगळं उद्या सकाळीही जागच्या जागी असणार आहे. झोपा, माझ्या सोन्यांनो.